कॉम्प्युटरला आहे म्हणे!

"ताई, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्यांची धाकटी दोन रात्री घरीच नव्हती म्हणे!"

आमच्या आणि वहिनींच्या बंगल्यांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. नाशिकात गंगापूर रोडच्या आतल्या गल्ल्यांमध्ये अशा भिंती आता मोजक्याच उरल्यात. बाकी ठिकाणी बंगले पाडून अपार्टमेंट उभी राहिली आणि गप्पा लिफ्टमध्ये आवरायला लागल्या. भिंतीपाशी येताना वहिनींच्या हातात पायपुसणं असतं. बातमी साधी असली तर त्या ते झटकत झटकत बोलतात. त्या दिवशी त्यांनी आल्याआल्या ते भिंतीवर टाकून दिलं, तेव्हाच ओळखलं, प्रकरण मोठं आहे.

"कोण सांगत होतं?"

"आता नाव कशाला घेऊ? समोरच्या. त्यांनी पहाटे साडेपाचला खिडकीतून बघितलं. रिक्षातून उतरली. केस विस्कटलेले, डोळे लालभडक, पाठीवर ती भलीमोठी सॅक. आणि आईनं काय विचारावं? 'जेवलीस का?' बास. एवढंच! आमच्या वेळी दाराबाहेर उभं केलं असतं."

"अहो वहिनी, ती हॅकेथॉनला गेली होती."

"हे कुठं आलं?"

गाव नव्हे, स्पर्धा असते ती, हे सांगण्यात माझी पाच मिनिटं गेली. पाच-सहा जणांचा गट करायचा, एखादा प्रश्न घ्यायचा आणि त्यावर चालणारा प्रोग्रॅम ठरल्या वेळात उभा करून दाखवायचा. केंद्र सरकारची 'स्मार्ट इंडिया हॅकेथॉन' २०१७ पासून चालू आहे. तिच्या सॉफ्टवेअर गटाची अंतिम फेरी सलग ३६ तासांची. तिचंच बघून कॉलेजं आपापल्या घरच्या हॅकेथॉन भरवतात. मुलं तिथंच सतरंजीवर आडवी होतात, वडापाव आणि चहावर जगतात, आणि तासातासाला कुणीतरी येऊन विचारतं, 'कुठवर आलं?'

"म्हणजे मुलं-मुली रात्रभर एका हॉलमध्ये?" वहिनींना ३६ तासांतून एवढंच सापडलं.

"आणि चार प्राध्यापक. आणि वॉचमन."

"मग ठीक आहे," त्या जरा हिरमुसून म्हणाल्या. पायपुसणं पुन्हा हातात आलं.

पण विषय निघाला म्हटल्यावर तो तिथंच कसा सुटणार? आमच्या गल्लीत सध्या मूल काय करतं याचं उत्तर दोन शब्दांत मिळतं: कॉम्प्युटरला आहे. पूर्वी 'बँकेत आहे' म्हणायचे, त्याच सुरात. पुढं कुणी काही विचारत नाही. कॉम्प्युटरला म्हणजे नेमकं कशाला, तिथं चार वर्षं काय शिकवतात, पोराला ते आवडतं का, यातलं कुणालाच काही नको असतं. प्रवेश मिळाला कसा आणि पॅकेज किती, ही दोन टोकं तेवढी सगळ्यांना पाठ. मधली चार वर्षं जणू मुलं ट्रेनमध्ये झोपलेली असतात.

"धाकटीला ९७ टक्के होते ना हो?"

"टक्के नव्हे वहिनी, पर्सेंटाइल."

"एकच ते."

एकच नव्हे, पण गल्लीत हा घोळ दर जूनमध्ये होतो. एमएचटी-सीईटीला गणित, भौतिक आणि रसायन मिळून १५० प्रश्न असतात, गुण २००. गणिताच्या प्रश्नाला दोन गुण आणि बाकीच्यांना एकेक. चुकलं तर गुण कापत नाहीत, म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत राहिलेल्या सगळ्या प्रश्नांना डोळे मिटून टिचक्या मारायच्या, हे क्लासवालेच शिकवतात. ९७ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले ९७ तिच्या बरोबरीला किंवा मागे. ऐकायला छान वाटतं. पण समजा ३ लाख मुलं बसली, तर उरलेले ३ टक्के म्हणजे ९ हजार पोरं तिच्या पुढं उभी आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांना कॉम्प्युटरच हवंय. तिच्या आईनं पेढे वाटले तेव्हा हा हिशोब कुणी केला नव्हता. तो कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, पहिल्या फेरीची यादी लागली त्या दिवशी झाला.

"आमच्या धाकट्या दिरांच्या मुलाला कमी पडले, तरी मिळालं बरं का. आता ते काय म्हणतात त्याला... एआय आणि पुढं काहीतरी."

"डेटा सायन्स?"

"तेच. जाऊबाई तर सांगतात, हे कॉम्प्युटरपेक्षा भारी असतं."

मी हसले नाही, पण अवघड गेलं. ऑप्शन फॉर्म भरायला बसलं की समोर काय काय येतं: कॉम्प्युटर, आयटी, एआय अँड डेटा सायन्स, एआय अँड मशीन लर्निंग, सायबर सिक्युरिटी, आयओटी, कॉम्प्युटर सायन्स अँड बिझनेस सिस्टिम्स. पाट्या निरनिराळ्या, पण दुसऱ्या वर्षाची पुस्तकं शेजारी ठेवलीत तर अर्ध्याहून जास्त तीच निघतील. त्यात २०२४ पासून एआयसीटीईनं चांगल्या कॉलेजांसाठी एका शाखेतल्या जागांवरची कमाल मर्यादा उठवली, मग काय विचारता. कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढल्या. जागा कागदावर वाढतात, शिकवणारा मात्र कागदावर वाढत नाही. आलेला चांगला मास्तर कंपनीत जाऊन तिप्पट कमावू शकतो हे त्यालाही कळतं. या शिक्षणातलं खरं दुखणं हे आहे असं मला वाटतं. पण भिंतीवर ते कधी निघत नाही, कारण त्यात कुणाचं नाव नाही.

"पण एक सांगा," वहिनी पुढं झुकल्या, "कॉम्प्युटरला गेली तर पहिल्या वर्षी तिच्या हाताला फोड कशाला आले होते? मी स्वतः बघितलेत. बर्नॉल मीच दिलं."

"कानस घासत होती."

"काय?"

वर्कशॉप. पुणे विद्यापीठात तिच्या वेळचं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष सगळ्या शाखांना सारखं. फिटिंगच्या शॉपमध्ये लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा आणि कानस मारून मारून काटकोनात आणायचा. सर गुण्या लावून उजेडाकडं धरतात. फट दिसली की परत घासा. शिवाय मेकॅनिक्स, ग्राफिक्स आणि रसायनाच्या प्रयोगशाळेत ईडीटीए वापरून पाण्याचा जडपणा काढायचा. पोरगी कॉम्प्युटरला गेली आणि वर्षभर ब्युरेटकडं एक डोळा मिटून बघत बसली. एकच पेपर त्यातल्या त्यात आपला: प्रोग्रॅमिंग अँड प्रॉब्लेम सॉल्व्हिंग, पायथनमधून.

माझा मोठा शिकला तेव्हा तर आमच्या जेवणाच्या टेबलाची काच महिन्याभरासाठी गेली होती. जीटी मारायला. ग्लास ट्रेसिंग हो! काच दोन खुर्च्यांवर आडवी, खाली साठचा बल्ब, काचेवर मित्राची तपासून झालेली शीट आणि तिच्यावर आपली कोरी. रात्री दोन वाजता आमच्या हॉलमधून असा पिवळा उजेड यायचा की गल्लीतल्या कुत्र्यांनाही शंका यायची. ह्यांनी एकदा विचारलं, "अरे, ही नक्कल नव्हे का?" तर म्हणाला, "बाबा, नक्कल नाही, सबमिशन आहे."

सबमिशन हा शब्द ज्यांच्या घरात शिरला नाही त्यांना इंजिनिअरिंग कळलं नाही, एवढं मी खात्रीनं सांगते. सेमिस्टर संपत आली की फाइली, जर्नल, असाइनमेंट. प्रोग्रॅम मशीनवर चालून उपयोग नाही, तो हातानं कागदावर उतरवायचा, खाली आउटपुट लिहायचं, सरांची सही घ्यायची. सही राहिली तर टर्म वर्क अडकतं. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली तर एचओडींच्या दारात उभं राहायचं. लेखी पेपरातही प्रोग्रॅम पेनानंच लिहायचा.

"कॉम्प्युटरची परीक्षा पेनानं?" वहिनींनी कपाळावर हात मारला. "मग आमचे हे काय वाईट होते? तेही सगळं पेनानंच करायचे."

भाऊ, म्हणजे वहिनींचे हे, व्हरांड्यात पेपर वाचत होते. बँकेचं नाव निघालं की ते पेपर खाली करतात. राष्ट्रीयीकृत बँकेत पस्तीस वर्षं काढलेला माणूस.

"आम्ही काळ्या फिती लावल्या होत्या," भाऊंनी तिथूनच आवाज दिला. "कॉम्प्युटर आला की माणसं जाणार, म्हणून. मग १९८३ साली बँका आणि युनियनचा करार झाला, ८४ ला रंगराजन समितीचा अहवाल आला. तरी कॉम्प्युटर म्हणायची चोरी! ब्रँचमध्ये यंत्र आलं ते ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन या नावानं. एएलपीएम. कॉम्प्युटरच होता लेकाचा, पण नाव बदलल्यावर सगळ्यांना चालला."

"आणि आता नातवाला त्याच कॉम्प्युटरला घालायचंय," वहिनी म्हणाल्या. "त्याच्या क्लासची फी ह्यांच्याच पेन्शनमधून जाते."

भाऊंनी पेपर वर केला.

पण भाऊंचं ऐकताना मला एक नेहमी जाणवतं. आपल्याकडं कॉम्प्युटर आला तो एकतर भीती घेऊन नाहीतर मोठेपणा घेऊन. मुंबईत टीआयएफआरनं टिफ्रॅक बांधला, तो १९६० मध्ये सुरू झाला. पुण्यात १९८८ ला सी-डॅक निघालं आणि अमेरिका महासंगणक द्यायला खळखळ करत होती त्या दिवसांत, १९९१ मध्ये, 'परम ८०००' उभा राहिला. विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, हे आम्हाला मोठ्याच्या शाळेतल्या बाईंनी इतकं अभिमानानं सांगितलं होतं की बराच काळ मला परम मुरंब्यालाच बांधला असं वाटायचं. पण वर्गात बसलेल्या पोराच्या वाट्याला त्यातलं काय आलं? माझ्या मोठ्याच्या वाट्याला आला टर्बो सी. बोरलँडचा, १९८७ सालचा, निळ्या पडद्याचा. बाहेर जग कुठल्या कुठं गेलं होतं आणि आमच्याकडं लॅबमध्ये व्हॉइड मेन, क्लिअरस्क्रीन आणि शेवटी गेटच. गेटच विसरलं की उत्तर येऊन कधी गेलं कळायचंच नाही. सी भाषा डेनिस रिचींनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्समध्ये केली, हे तो पाठ म्हणायचा. पण ती त्याला शिकवली नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'नं. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून आणलेली जुनी प्रत होती, समासात आधीच्या तिघांच्या पेन्सिलीच्या खुणा. एक अर्धविराम राहिला म्हणून पंचवीस चुका दाखवणारं ते यंत्र बघून मी म्हटलं होतं, हे तर माझ्या सासूबाईंसारखं आहे. तो हसला नाही. रात्रीचा एक वाजला होता.

आता टर्बो सी बऱ्याच ठिकाणी गेला. आता वेगळीच मजा आहे.

"चॅटजीपीटी का काय ते करून देतं ना सगळं?" वहिनींना एवढी बातमी होती. "मग यांना शिकायचं काय राहिलं?"

२०२२ च्या नोव्हेंबरच्या शेवटी ते आलं, आणि कोपऱ्यावरच्या धाकटीची बॅच कॉलेजात पाऊल ठेवते तोवर सगळ्यांच्या फोनवर पोचलं होतं. असाइनमेंट मागितली की दोन मिनिटांत प्रोग्रॅम हजर, वर इंग्रजीतून गोड समजावणी. पण ओरलला बाहेरचे एक्स्टर्नल येतात. धाकटीनं तिच्या वर्गातल्या एका मुलाचं सांगितलं. त्याचा प्रोग्रॅम झकास चालत होता. एक्स्टर्नल मॅडमनी पडद्यावर पेन टेकवलं आणि एवढंच विचारलं, "इथं 'लेस दॅन' लिहिलंय. 'लेस दॅन ऑर इक्वल टू' का नाही?" मुलगा म्हणाला, "मॅडम, असंच चालतं." मॅडमनी ते काढून दुसरं टाकायला लावलं. प्रोग्रॅम यादीच्या टोकाच्या एक घर पुढं गेला आणि कोसळला. "आता सांग, का कोसळला?" मुलगा गप्प. मॅडम रागावल्या नाहीत, गुण देऊन मोकळ्या झाल्या. किती दिले ते तो अजून कुणाला सांगत नाही.

मला त्या मॅडम आवडल्या. सगळ्या कॉम्प्युटर सायन्सचं पाणी त्या एका चिन्हात जोखता येतं. लिहिता कुणालाही येईल. टोकाला काय होतं ते सांगणारा शिकलेला.

"पण मला खरं सांगा," वहिनी म्हणाल्या, "ते शिकतात काय? म्हणजे रोज सकाळी नऊला जाऊन संध्याकाळी पाचला येतात, तेवढं काय असतं त्यात?"

हा प्रश्न गेल्या कित्येक वर्षांत भिंतीवर पहिल्यांदाच आला. मी कढीपत्ता तोडायची थांबले.

गणित असतं, वहिनी. बाहेरून वाटतं बटणं दाबायची, आत सगळं गणित. दुसऱ्या वर्षाला डिस्क्रीट मॅथ्स, मग एम-थ्री. एम-थ्रीचं नाव काढलं की अजून माझा मोठा, दोन मुलांचा बाप, पाणी मागतो. फुरिअर ट्रान्सफॉर्म, झेड ट्रान्सफॉर्म, प्रोबॅबिलिटी. वर्गात केटीचा, म्हणजे नापासांचा, सर्वांत मोठा गठ्ठा याच विषयाचा. मग डेटा स्ट्रक्चर्स, म्हणजे माहिती कशी मांडून ठेवली की लवकर सापडेल. मायक्रोप्रोसेसर, डेटाबेस, नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टिम. आणि तिसऱ्या वर्षाला थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन. टीओसी. त्यात कॉम्प्युटरला हातसुद्धा लावायचा नसतो, कागदावर गोल काढायचे आणि बाण. पण त्यातच एक अजब गोष्ट आहे. ॲलन ट्युरिंगनं १९३६ मध्ये, म्हणजे आपल्या ओळखीचा कॉम्प्युटर जन्माला यायच्या आधी, सिद्ध करून ठेवलं की कुठलाही प्रोग्रॅम दिला तर तो कधीतरी थांबेल की चालतच राहील, हे प्रत्येक वेळी बिनचूक सांगणारा प्रोग्रॅम लिहिताच येत नाही. अवघड आहे असं नाही, वेळ लागेल असंही नाही. अशक्य. कितीही मोठं यंत्र आणा.

वहिनींनी विचार केला. मग व्हरांड्याकडं बघून म्हणाल्या, "ह्यांनी एकदा बँकेच्या गोष्टी सुरू केल्या की तसंच असतं."

"मी ऐकतोय," व्हरांडा म्हणाला.

पॅकेजचं सांगायचं राहिलंच. ते वहिनींनी राहू दिलं नसतं. "शेवटी किती मिळतात?" मोठ्या कंपन्या कॅम्पसला येऊन घाऊक भरती करतात, तिथं नव्या पोराला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास, हा आकडा कित्येक वर्षं जागचा हललेला नाही, पेट्रोल-दूध कुठं गेलं तरी. तेही सीटीसी. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता असं सगळं धरलेलं. हातात येतं ते निराळं. चाळीस लाखवाला एखादाच असतो, पण त्याचा फोटो कॉलेज गेटवर लावतं, आणि गल्ली त्याला बाराने भागून बाकी सगळ्यांच्या नावावर टाकते. शिवाय अटी: दहावीपासून सगळीकडं साठ टक्के, एकही बॅकलॉग चालू नको. एम-थ्रीनं इथं गाठलेलं असतं.

"आमच्या पोळ्यांच्या मावशींची मुलगीपण तिकडंच आहे ना?"

आहे, आणि हीच खरी बातमी आहे, पण गल्लीत ती कुजबुजीतही नाही. दहावीनंतर तिनं तीन वर्षं पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केला. मग डायरेक्ट सेकंड इयर. तिथं सीईटी लागत नाही, डिप्लोमाच्या गुणांवर प्रवेश. नेमका त्याच वर्षी, २०२४ च्या जुलैत, राज्य सरकारचा निर्णय आला: ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ. मावशी माझ्याकडं तो कागद घेऊन आल्या होत्या. दोनदा वाचून दाखवला, तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः बोट ठेवून वाचला. मुलगी कोपऱ्यावरच्या धाकटीच्याच वर्गात आहे. डिप्लोमावाल्यांचं एक असतं, हात बसलेला असतो. लॅबमध्ये नेटवर्क बंद पडलं की वर्ग हिच्याकडं बघतो. पण पहिल्या वर्षाचं गणित न करता थेट दुसऱ्यात बसल्यामुळं एम-थ्रीला घाम फुटतो. धाकटी तिला गणित सांगते, ही धाकटीला टर्मिनलवरच्या कमांडी. अभ्यास आमच्या गॅलरीत चालतो, कारण धाकटीच्या आईला घरी बोलावणं पसंत नाही. हे मी वहिनींना सांगितलं नाही. वहिनींना सांगणं म्हणजे दवंडीच.

एवढ्यात धाकटीच आली. आईनं कढीपत्ता मागितला होता. झोप झालेली दिसत होती, केसही जागेवर होते. वहिनींनी तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"काय गं, जिंकलीस का ते हॅके... जे काय ते?"

"दुसरे आलो आजी. पहिल्यांचं डेमोला बंद पडलं नाही, आमचं एकदा पडलं."

"एवढं शिकतेस, तर आम्हाला काहीतरी करून दाखव की. लॅपटॉप न लावता."

धाकटी जरा थांबली. वहिनींच्या अंगावर नवी साडी होती, येवल्याची सेमी पैठणी, मोरपिशी. "आजी, ही साडी कितीला घेतली?"

"अगं, किंमत सांगतात का कुणी!"

"सांगू नका. चार हजारांच्या आत आहे ना? मग मी आकडा म्हणते, तुम्ही फक्त जास्त की कमी एवढं सांगा. बारा प्रश्नांत काढते."

"बाराशे रुपड्यांची साडी काढायला बारा प्रश्न कशाला," व्हरांड्यातून भाऊ म्हणाले. वहिनींनी ते ऐकलं नाही.

"दोन हजार?"

"कमी."

"एक हजार?"

"जास्त."

"पंधराशे?" जास्त. "साडेसतराशे?" जास्त. वहिनींना आता गंमत वाटायला लागली होती, उत्तरं पटापट येत होती. "अठराशे पंच्याहत्तर?" कमी. "अठराशे बारा?" जास्त. "अठराशे त्रेचाळीस?" जास्त. "एकोणसाठ?" कमी. "एक्कावन्न?" कमी. मी बोटांवर मोजत होते. "सत्तेचाळीस?" जास्त. "एकोणपन्नास?"

"जास्त," वहिनी म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावला.

"मग अठराशे पन्नास. झाले बारा. दर वेळी उरलेल्यातला मधला आकडा विचारायचा, अर्धं आपोआप बाद होतं. याला बायनरी सर्च म्हणतात. बारा वेळा निम्मं करत गेलं की ४,०९६ पर्यंतचा कुठलाही आकडा सापडतो. साडी आठ हजारांच्या आतली असती तरी एकच प्रश्न वाढला असता. दहा लाखांपर्यंत असती तर वीस पुरतात. अट एकच, सगळं क्रमानं लावलेलं हवं आणि समोरच्यानं खरं सांगायला हवं."

व्हरांड्यात पेपर खाली आला होता.

"अठराशे पन्नास?" भाऊ उठून कठड्यापाशी आले. "मला बाराशे सांगितली होतीस!"

वहिनींनी पायपुसणं उचललं, दोनदा झटकलं आणि घराकडं वळता वळता म्हणाल्या, "तुमच्या युनियननं तेव्हाच नीट ताणून धरलं असतं तर आज ही वेळ आली नसती."